मेमरी गेलीच नव्हती: बंद होताना अडणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरचं एक प्रकरण

कॉम्प्युटर बंद करायला जावं आणि पडद्यावर चौकट यावी: 'द इन्स्ट्रक्शन ॲट' अमुक, 'रेफरन्स्ड मेमरी ॲट' शून्य एक्स आणि पुढे आठ शून्यं, 'द मेमरी कुड नॉट बी रेड.' खाली 'ओके'चं बटण. देवगड तालुक्यात मिठबावच्या बाजूला, समुद्राची गाज ऐकू येते अशा एका घरात ही चौकट वर्षभर येत होती. 'मेमरी' हा शब्द वाचून तालुक्याच्या ठिकाणी रॅम बदलून झाली होती. फरक पडला नाही, तेव्हा 'फॉरमॅट मारून टाकूया' हा सल्ला तयारच होता. मधल्या काळात चौकट आली की पॉवर बटण दाबून धरायचं, ही घरातली रीत झाली.

रॅम शेवटपर्यंत ठणठणीत निघाली. दोष दोन होते, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, आणि दोन्ही बंद करण्याच्याच वेळी डोकं वर काढत असल्यामुळे सगळ्यांनी ते एकच धरले होते.

मशीन आणि त्याचं काम

२०१२ च्या सुमाराला असेंबल केलेला डेस्कटॉप. दुसऱ्या पिढीचा आय३, एच६१ चा बोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, ३२-बिट विंडोज ७. जोडीला छपाई आणि स्कॅन दोन्ही करणारा इंकजेट प्रिंटर. मशीनचे मालक काका आंबा बागायतदार. मार्च ते मे या कॉम्प्युटरवर हापूसच्या पेट्यांचा हिशेब चालतो: वाशीला किती पेट्या गेल्या, दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, काय आली, भाडं आणि हमाली किती कापली. आलेली पट्टी स्कॅन करून मुंबईतल्या मुलाला पाठवायची, म्हणून प्रिंटर रोज लागतो. बाकीचं वर्ष मशीन आठवड्याला एखाद-दुसऱ्या वेळी सुरू होतं.

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, हे काकांना ठाऊक आहे. तरी ते तिथेच थांबलेत, कारण जुन्या मराठी टायपिंगच्या फॉन्टमधल्या दहा वर्षांच्या फायली नव्या ठिकाणी उघडल्या की अक्षरांचा चिखल होतो. मला हे कारण पुरेसं वाटतं. बँकेचं काम त्यावर करत नसतील तर हिशेबाच्या यंत्राला हिशेबाचं यंत्र म्हणून जगू द्यावं.

काकांची तक्रार त्यांच्याच शब्दांत: "मेमरीच गेली म्हणान सांगल्यानी. नवीन घातली तरी ह्यां असांच."

आधी बॅकअप, मग बाकी सगळं

दिवसेंदिवस पॉवर बटण दाबून बंद केलेल्या डिस्कवर कुठलीही दुरुस्ती सुरू करण्याआधी फायली बाहेर काढाव्यात. इथे तर एका हंगामाची एक्सेल फाइल 'रिपेअर करू का' असं विचारत उघडली होती आणि तिच्यातल्या काही पट्ट्या गायब होत्या. विंडोजची एनटीएफएस ही फाइल-व्यवस्था अचानक वीज गेल्यावर स्वतःची मांडणी सावरून घेते, पण फायलीच्या आतला मजकूर पूर्ण लिहिला गेला होता का, याची हमी ती देत नाही. डिस्कवरच्या चुका शोधणारी विंडोजची चेकडिस्क लावायचा मोह आधी होतो. डिस्क खरोखर मरायला टेकली असेल तर पूर्ण पृष्ठभाग वाचायला लावणारी चेकडिस्कच तिचा शेवट करू शकते. म्हणून हिशेब पेन ड्राइव्हवर घेतला, उघडून पाहिला, आणि त्यानंतरच स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला.

लॉग वाचता येईना

विंडोज स्वतःची रोजनिशी, म्हणजे लॉग, ठेवतं आणि ती इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसते. बंद होण्याच्या तक्रारीत कामाचे आकडे थोडेच. १०७४ म्हणजे कुणीतरी बंद करायला सांगितलं. २६ म्हणजे पडद्यावर चौकट आली, तिच्यातला मजकूरही जसाच्या तसा नोंदलेला असतो. ६००६ म्हणजे लॉग लिहिणारी सेवा (पडद्यामागे चालणारा प्रोग्राम) नीट थांबली. १३ म्हणजे विंडोजचा गाभा बंद होत आहे. पुढच्या सुरुवातीला ६००८ किंवा ४१ दिसला तर मागच्या वेळी निरोप नीट झाला नव्हता.

पण इथे नोंदीच उलटसुलट. मेच्या नोंदींच्या मध्येच १ जानेवारी २०११. बोर्डवरचं घड्याळ चालवणारा सीआर२०३२ सेल संपलेला, त्यामुळे मशीन दर वेळी जुन्या तारखेला उठायचं आणि मोबाइलचं नेट जोडलं की वर्तमानात यायचं. भिंतीवरचं बटण चालू असताना एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमधून, थोडा वीजपुरवठा बोर्डला मिळत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं, सेल खर्च होत नाही. या घरात मात्र काम संपलं की मेन बटण बंद, पावसाळ्यात तर प्लगही काढलेला. मग घड्याळाचा सगळा भार त्या सेलवरच. किनाऱ्यावरच्या घरांत हे सेल लवकर बसतात याचं कारण खाऱ्या हवेत शोधण्याआधी भिंतीवरच्या बटणात शोधावं.

तारखा खोट्या असल्या तरी प्रत्येक नोंदीला एक अनुक्रमांक असतो. नोंद उघडून तपशिलाच्या टॅबमध्ये एक्सएमएल दृश्य घेतलं की तो दिसतो, आणि घड्याळ कितीही मागे गेलं तरी तो वाढतच जातो. त्या क्रमाने जुन्या नोंदी लावल्यावर बंद करण्याचे तीन प्रकार वेगळे झाले. काही वेळा १०७४, ६००६, १३ असा सरळ क्रम. काही वेळा १०७४ नंतर २६, म्हणजे चौकट, आणि मग कधी नीट बंद, तर कधी पॉवर बटण. आणि तिसरा प्रकार, जो कुणी सांगितलाच नव्हता: २६ नाहीच, ६००६ आहे, तरीही पुढच्या सुरुवातीला ४१. चौकट न येताच मशीन 'शटिंग डाउन'वर अडलं होतं. दोष दोन असावेत ही शंका इथे आली.

चौकट काय म्हणत होती

'मेमरी कुड नॉट बी रेड' हे वाक्य लिहिणाऱ्याने दुकानदारांचा फार मोठा फायदा करून ठेवलाय. यातली मेमरी म्हणजे रॅमची पट्टी नव्हे. प्रत्येक प्रोग्रामला विंडोज स्वतंत्र पत्त्यांची एक जागा देतं. त्यातल्या आपल्या नसलेल्या किंवा अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यावर प्रोग्राम वाचायला गेला की विंडोज त्याला अडवतं आणि हे वाक्य दाखवतं. त्या गुन्ह्याचा अंतर्गत क्रमांक सी००००००५. शून्य पत्त्याच्या आसपासचे पहिले ६४ केबी विंडोज मुद्दाम मोकळे ठेवतं. प्रोग्रामने एखाद्या वस्तूचा पत्ता लिहून ठेवायच्या जागी शून्य उरलं आणि तरीही तो तिथे गेला, तर लगेच पकडला जावा म्हणून.

रॅम खरंच बिघडली असेल तर चौकटीतले पत्ते दर वेळी वेगळे असतात, नावं वेगवेगळ्या प्रोग्रामची असतात, आणि काम करता करता मध्येच निळा पडदा येतो. इथे २६ च्या प्रत्येक नोंदीत वाचायचा पत्ता तोच, आठ शून्यं. प्रोग्रामही तोच: प्रिंटरबरोबर आलेला, घड्याळाशेजारी बसून शाईची पातळी दाखवणारा छोटा 'मॉनिटर' (पडदा नव्हे, प्रोग्राम). विंडोजमध्येच असलेली मेमरी डायग्नोस्टिक चाचणी तरीही लावली, जुनी आणि नवी दोन्ही पट्ट्यांवर. दोन्ही निर्दोष. काढून ठेवलेली जुनी पट्टी काकांनी प्लास्टिकच्या डबीत सांभाळून ठेवली होती, ते बरं झालं.

तरी चौकटीत ज्याचं नाव त्यालाच फाशी द्यायची घाई करू नये. बंद होण्याच्या वेळी विंडोज एकेका प्रोग्रामला आवराआवर करायला सांगतं, आणि एखादा प्रोग्राम दुसऱ्याने आधीच काढून घेतलेल्या गोष्टीवर पाय ठेवून पडू शकतो. हा मॉनिटर कशावर पडतोय हे शोधायचं होतं. घरातल्या भिंतीवर कालनिर्णय होतं. काकींना सांगितलं की दर वेळी त्या तारखेच्या रकान्यात दोन खुणा करायच्या: प्रिंटर लावला होता का, आणि बंद करताना अडलं का. काकांना सांगितलं असतं तर त्यांनी अडलं तेवढंच लिहिलं असतं. न अडलेले दिवस नोंदले नाहीत तर अडलेल्या दिवसांना अर्थ येत नाही.

काकींच्या खुणांवरून दिसलं की प्रिंटर लावलाच नाही त्या दिवशी चौकट कधीच नाही. लावला त्यातल्या काही दिवशी आहे, काही दिवशी नाही. मग काका बंद कसं करतात ते समोर उभं राहून पाहिलं. शेवटची पट्टी स्कॅन झाली की आधी प्रिंटरचं भिंतीवरचं बटण बंद, मग एक्सेल, मग शटडाउन.

"काका, प्रिंटर आधी का बंद करता?"

"अरे वीज चमाकली की मी आधी प्रिंटर काढतंय. कॉम्प्युटर बंद होवक वेळ लागता."

मेच्या शेवटी आणि पुन्हा ऑक्टोबरात दुपारनंतर ढग भरून येणाऱ्या गावात ही सवय मूर्खपणाची मुळीच नाही. पण ती वर्षभरापूर्वी नव्हती, आणि ते काकींनी सांगितलं: "तो बोर्ड जळलो ना, तेव्हापासून." आधी कॉम्प्युटर, पडदा आणि प्रिंटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर होते, आणि सगळं बंद झाल्यावर एकच बटण दाबलं जायचं. बोर्डाचा एक सॉकेट जळला, प्रिंटरला भिंतीवर वेगळं बटण मिळालं, आणि तो आधी बंद होऊ लागला. तक्रार नेमकी त्याच सुमारास सुरू झालेली.

मग मुद्दाम तीन रीतींनी बंद करून पाहिलं. प्रिंटर चालूच केला नाही: चौकट नाही. प्रिंटर चालू केला आणि शटडाउन पूर्ण होईपर्यंत चालू ठेवला: चौकट नाही. प्रिंटर चालू केला, मॉनिटरने तो ओळखला, आणि कॉम्प्युटरच्या आधी बंद केला: हमखास चौकट. प्रिंटर दिसला की मॉनिटर त्याच्याशी जोडणी उघडतो, प्रिंटर गेला की ती जोडणी रिकामी होते, आणि शेवटी आवरताना मॉनिटर त्या रिकाम्या जोडणीवर 'बंद कर' म्हणायला जातो. आठ शून्यांचा उगम तिथे. कॉम्प्युटर मरत नव्हता, एका फुकट मिळालेल्या प्रोग्रामला प्रिंटर आधी जाऊ शकतो हे कुणी शिकवलं नव्हतं.

उपाय अर्ध्या मिनिटाचा. एमएसकॉन्फिग या विंडोजमधल्याच सोयीत, विंडोजबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामच्या (स्टार्टअप) यादीतून मॉनिटरची खूण काढली. छपाईला ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि प्रिंटरमधला दुभाषा प्रोग्राम, पुरतो, मॉनिटर लागत नाही. स्कॅनिंगसाठी विंडोजमधलंच फॅक्स अँड स्कॅन दाखवून दिलं. शाईची पातळी आता टाकीकडे बघून कळते, जशी ती पहिल्यापासून कळत होती. काकांची सवय बदलायला सांगितली नाही.

जे केलं नाही

या तक्रारीवर इंटरनेटवर दोन औषधं सर्रास मिळतात. एक, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) 'ऑटो एंड टास्क्स' चालू करणं, म्हणजे अडणाऱ्या प्रोग्रामला विंडोज न विचारता मारून टाकतं. दुसरं, सेवा थांबण्यासाठी दिलेला वेळ कमी करणं. विंडोज ७ मध्ये तो मुळात १२,००० मिलिसेकंद, म्हणजे बारा सेकंद असतो. लोक तो दोन-तीन सेकंदांवर आणतात. दोन्हींनी शटडाउन झटपट होतं आणि चौकट दिसेनाशी होते. पण पहिल्याने न सेव्ह केलेली एक्सेल शीट विचारणा न होता जाऊ शकते, आणि दुसऱ्याने डिस्कवर लिहीत असलेली सेवा अर्ध्यात तोडली जाते. ज्या घरात पट्ट्या आधीच गहाळ झाल्यात तिथे हे करणं मला मान्य नव्हतं. रजिस्ट्री साफ करणाऱ्या फुकट प्रोग्रामबद्दल तर बोलायलाच नको.

फॉरमॅटने काय झालं असतं? चौकट नक्की गेली असती, प्रिंटरची सीडी पुन्हा घालेपर्यंत. आणि दुसरा दोष जागच्या जागी राहिला असता.

दुसरा दोष

मॉनिटर काढल्यावर २६ च्या नोंदी थांबल्या. काकींच्या खुणा मात्र पूर्ण थांबल्या नाहीत. अधूनमधून चौकट न येता 'शटिंग डाउन' तसंच फिरत राहायचं.

या टप्प्यावर इव्हेंट व्ह्यूअर आंधळा असतो. ६००६ पडला म्हणजे लॉग लिहिणारी सेवा थांबली. त्यानंतर जे घडतं, म्हणजे मेमरीत साठलेलं सगळं डिस्कवर ओतणं आणि ड्रायव्हर एकेक करून झोपवणं, त्याची नोंद ठेवायला कुणी जागं नसतं. म्हणून अडकलेल्या क्षणाची नोंद शोधण्यात वेळ घालवू नये. दिवसभरातल्या नोंदी वाचाव्यात. तिथे ११ क्रमांकाची नोंद विखुरलेली सापडली: आयडीई पोर्ट शून्यवर कंट्रोलरची, म्हणजे डिस्कशी बोलणाऱ्या बोर्डवरच्या भागाची, चूक. खराब ब्लॉकची ७ क्रमांकाची नोंद एकही नाही. म्हणजे डिस्कच्या पृष्ठभागापेक्षा तिच्यापर्यंतच्या वाटेवर संशय.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा प्रोग्राम लावून डिस्कची स्वतःची नोंदवही वाचली. ०५ म्हणजे बदली केलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), शून्य. सी५ म्हणजे वाचता न आलेले, बदलीच्या रांगेतले सेक्टर, तेही शून्य. सी७, म्हणजे केबलवरून येताना बिघडलेल्या माहितीची मोजदाद, ती मात्र वाढलेली. हा आकडा कधीच कमी होत नाही, त्यामुळे तो मोठा आहे एवढ्यावरून काही ठरत नाही, तो अजून वाढतोय का ते बघायचं. आकडा लिहून घेतला, फोटोंचा मोठा फोल्डर एका जागेहून दुसरीकडे कॉपी केला, पुन्हा वाचला. वाढला होता.

कॅबिनेटची बाजूची पत्री बाजूला काढून ठेवलेली होती, 'हवा लागावी म्हणून'. खिडकी पश्चिमेला. समुद्रावरून येणारा दमट खारा वारा थेट बोर्डवर. आतले स्क्रू गंजून तांबूस, एसएमपीएसच्या जाळीवर गंजाची पापुद्री, कोपऱ्यात वाळलेली पाल, आणि डिस्क बोर्डला जोडणाऱ्या साटा केबलचं टोक बोटाने हलवलं तर हलत होतं. केबल जुन्या पद्धतीची, बिनकडीची. तिच्या पट्ट्यांवर काळपट थर. मिठाचा अंश धरून बसलेली धूळ हवेतला ओलावा ओढून घेते आणि पावसाळ्यात ती कोरडी होतच नाही. सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की घासला गेला की खालच्या धातूवर गंज चढतोच.

इथेही शक्यतो एका वेळी एकच गोष्ट बदलली, नाहीतर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. आधी तीच केबल बोर्डवरच्या दुसऱ्या पोर्टमध्ये. फोल्डर कॉपी केला, सी७ वाढला. म्हणजे पोर्ट निर्दोष. मग कडी असलेली नवी केबल जुन्याच पोर्टमध्ये, डिस्कची टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून. फोल्डर कॉपी केला, आकडा जिथल्या तिथे. साठ-सत्तर रुपयांची वस्तू.

दिवसभर ही केबल चालायची आणि बंद होतानाच का अडायची? केबलवर माहिती बिघडली की ती पुन्हा पाठवली जाते. दिवसभर हे तुकड्यातुकड्याने होतं आणि मशीन जरा मंद वाटतं, एवढंच. 'हल्ली स्लो झालाय' असं काका म्हणत होतेच, पण जुन्या कॉम्प्युटरबद्दल ते कोण म्हणत नाही? बंद होताना रजिस्ट्रीसकट सगळं साठलेलं एकदम लिहायचं असतं. पुन्हा पुन्हा पाठवूनही जमलं नाही की कंट्रोलर डिस्कला रीसेट करून वाट बघत बसतो. माणूस तेवढा वेळ थांबत नाही, पॉवर बटण दाबतो. आणि नेमकी तीच लिहिण्याची वेळ असल्यामुळे पट्ट्या तिथे गेल्या. चौकटीने कुणाचा हिशेब खाल्ला नव्हता, बटणाने खाल्ला होता.

आजची स्थिती

त्यानंतर चेकडिस्क चालवली. तिने निर्देशिकेतल्या काही चुका दुरुस्त केल्या, खराब सेक्टर सापडला नाही. सेल बदलला, त्यामुळे आता तारखा खऱ्या पडतात. कॅबिनेटची पत्री परत बसवली. बंद पत्रीने पंख्याचा वारा ठरलेल्या वाटेने जातो आणि थंडावा उलट वाढतो, हे काकांना पटायला तापमानाचा आकडा आधी आणि नंतर दाखवावा लागला. गेलेल्या पट्ट्या मुलाच्या फोनवरच्या स्कॅनमधून पुन्हा भरल्या.

सहज बंद करण्याचा क्रमही ठरला: शटडाउन पूर्ण, मग मेन बटण, आणि ढग असतील तर प्लगच बाहेर. जवळ वीज पडली तर स्पाइक गार्ड पुरत नाही, प्लग काढलेला असणं हाच उपाय. नेटची केबल घरात आली तर तीही काढायची, कारण विजेचा झटका तिच्यातूनही येतो.

यूपीएसची बॅटरी मेलेली आहे, १२ व्होल्ट ७ ॲम्पियर-अवरची साधी. लाइट गेली की मशीन अजूनही तडक बंद पडतं आणि लॉगमध्ये ४१ येतो. ती घ्यायची ठरलंय. डिस्क मात्र बदलायची नाही असं काकांचं म्हणणं, आणि सी५ शून्य असेपर्यंत माझी त्याला हरकत नाही. महिन्यातून एकदा तो आकडा काकी कालनिर्णयावर लिहितात.